सीलिएक आणि प्रोबायोटिक: आधी गिरणी, मग गोळी

सीलिएकचं, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनने आतडं बिघडवणाऱ्या आजाराचं, निदान झालं की आठवड्याभरात घरात प्रोबायोटिकचा, म्हणजे पोटाला फायदेशीर जिवंत जंतूंच्या गोळ्यांचा, विषय निघतोच. मेडिकलवाला एक पाकीट पुढे सरकवतो, पुण्याची मावशी फोनवर नाव सांगते, शेजारच्या काकू म्हणतात रोज वाटीभर दही खा, बाकी काही नको. प्रोबायोटिक घ्यावं का, घ्यायचं तर कधी आणि कसं, हे इथे क्रमाने सांगते. गहू सोडायचं पथ्य सुरू करूनही त्रास राहण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे नकळत पोटात जाणारं ग्लुटेन. आपल्या सांगली-साताऱ्याकडच्या घरांत ते गिरणीतून येतं, हिंगाच्या डबीतून येतं, लग्नाच्या पंगतीतून येतं. तिथे गोळीचा काही उपयोग नाही. आमच्या घरात सीलिएकची मुलगी आहे, त्यामुळे यातलं बरंचसं रोजच्या वापरातलं आहे. मी डॉक्टर नाही. औषधांबाबत तुमचे पोटविकारतज्ज्ञ सांगतील तेच खरं.

पहिली पायरी: निदान पक्कं झालंय ना?

गहू, जव आणि राय (परदेशी धान्य, मोहरी नव्हे) या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. सीलिएक असलेल्या माणसाच्या शरीराची प्रतिकारशक्ती त्या ग्लुटेनमुळे बिथरते आणि स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आत मखमलीसारखी बारीक लव असते, तिच्यातून अन्न रक्तात शोषलं जातं. ही लव झिजून सपाट होते. मग खाल्लेलं अंगाला लागत नाही, मुलाची उंची वाढत नाही, लोहाच्या गोळ्या खाऊनही हिमोग्लोबिन जागचं हलत नाही. कुणाला जुलाब होतात, कुणाला नुसतीच पोटफुगी, कुणाला पोटाची तक्रारच नसते.

निदानासाठी आधी रक्ताची टीटीजी-आयजीए चाचणी होते, म्हणजे या आजारात वाढणारी प्रतिपिंडं (ॲन्टिबॉडी) मोजतात. सोबत एकूण आयजीए, म्हणजे त्या प्रकारची सगळी प्रतिपिंडंही पाहतात, कारण ती मुळातच कमी असतील तर टीटीजी खोटा दिलासा देणारी येऊ शकते. त्यानंतर बहुधा दुर्बीण टाकून आतड्याचे छोटे तुकडे तपासणीला पाठवतात. हे सगळं होईपर्यंत गहू सोडायचा नाही. चार महिने पोळी बंद ठेवून मग मिरजेला किंवा कऱ्हाडला तपासायला गेलात तर रिपोर्ट चांगला येऊ शकतो, पण तो पथ्याचा रिपोर्ट असेल, आजाराचा नव्हे. निदानाआधी प्रोबायोटिक सुरू करून ‘जरा बरं वाटतंय’ म्हणत थांबणं हेही तितकंच वाईट. आतली झीज चालूच राहते.

घरात एकाला निघालं की आई-वडील, भावंडं आणि मुलं यांचीही रक्ततपासणी करून घ्या. आजार रक्ताच्या नात्यात जास्त सापडतो.

दुसरी पायरी: घरातलं ग्लुटेन खरोखर संपवा

इथे मी जास्त वेळ घेणार आहे. प्रोबायोटिकचा लेख वाचायला आलेल्याला हे कंटाळवाणं वाटेल, पण निम्मं काम इथेच होतं.

आधी एक हिशोब. ३० ग्रॅम कणकेच्या एका पोळीत साधारण अडीच-तीन ग्रॅम ग्लुटेन असतं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन अभ्यासात सीलिएकच्या रुग्णांना रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने दिलं, तेवढ्यानेही आतड्याची लव खराब झाली. ५० मिलिग्रॅम म्हणजे पोळीचा पन्नासावा भाग. परातीत उरलेल्या पिठात, पोळपाटाच्या भेगेत, तव्यावरच्या जळक्या कणकेत तेवढं सहज सापडतं.

आपल्याकडे सगळ्यात मोठी अडचण गिरणी. माण, खटाव, जत, आटपाडीकडची माणसं म्हणतात, आम्ही तर भाकरीच खातो, आम्हाला काय त्रास? ज्वारी आणि बाजरीत ग्लुटेन नाही, हे खरं. पण गिरणीत तुमच्या आधी कुणाचा तरी गहू दळलेला असतो. ‘ज्वारीवर ज्वारी टाका’ असं आपण सांगतो ते भाकरी चांगली व्हावी म्हणून. सीलिएकसाठी तेवढ्याने भागत नाही. दगडाच्या खाचांत, गिरणीच्या तोंडाला बांधलेल्या कापडात आणि गिरणीतल्या हवेतही गव्हाचं पीठ असतं. काही गिरण्यांत उपासाच्या दळणाला वेगळं यंत्र असतं. तेही त्याच खोलीत असतं, त्यामुळे त्यावर पूर्ण भरवसा नको. खात्रीचा मार्ग म्हणजे घरघंटी, आणि तीही नवी, जिच्यात गहू कधीच पडलेला नाही. खर्च अंगावर येतो, मान्य आहे. पण वर्षानुवर्षे गोळ्यांवर जाणाऱ्या पैशापेक्षा मी तो आधी करीन.

धान्यही निवडून घ्या. शाळू आणि गहू दोन्ही रब्बीचे, महिन्याच्या अंतराने निघतात, आणि मळणी बऱ्याचदा एकाच मशीनवर होते. ज्वारीच्या पोत्यात गव्हाचे दाणे निघणं अगदी नेहमीचं आहे. सूप घेऊन बसा, निवडा, धुवा, कडक उन्हात वाळवा, मग दळा.

खपली गव्हाबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण तो आपल्याच भागात पिकतो आणि त्याचा आपल्याला अभिमान आहे. ‘खपली पचायला हलका, तो चालतो’ हे तुम्हाला दहा जण सांगतील, त्यातले दोन-तीन शिकलेलेही असतील. नाही चालत. खपली हा गव्हाचाच जुना प्रकार आहे आणि त्यात ग्लुटेन आहे. मधुमेही लोक त्याचं काय करतात तो त्यांचा प्रश्न, सीलिएकला तो बंद. लग्नातली गव्हाची खीर, म्हणजे हुग्गी, खपलीचीच असते. तीही बंद.

हिंग हा दुसरा छुपा शत्रू. बाजारात मिळणारा बांधानी हिंग शुद्ध नसतो, त्यात डिंक आणि पीठ मिसळलेलं असतं, आणि ते पीठ बऱ्याचदा गव्हाचं किंवा मैद्याचं असतं. तांदळाच्या पिठाचा हिंगही मिळतो. डबी फिरवून घटक वाचा. घरचा हिंग बदलला तरी बाहेरचं भडंग, फरसाण, लोणचं, मसाला ताक, पापड यांत कोणता हिंग आहे ते कळत नाही. पोट दुखतं म्हणून घेतलेल्या हिंग्वाष्टक चूर्णालाही हाच प्रश्न विचारायचा.

बाकीची यादी भराभर सांगते. रवा, मैदा, शेवया, दलिया, लापशी बंद. मेतकुटात गहू असतो. थालीपिठाच्या भाजणीतही बऱ्याच घरांत असतो. हुलग्याच्या शेंगोळ्यांत वळायला सोपं जावं म्हणून कणीक घालतात. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा रव्याचा. आमच्याकडे तो वरईच्या रव्याचा होतो आणि देवाने अजून तक्रार केलेली नाही. मुलांच्या दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरींत माल्ट असतं, ते जवापासून करतात. कंदी पेढा खवा-साखरेचा, त्यात गव्हाला जागा नाही, पण दुकानात त्याच चिमट्याने बालुशाही उचलत नाहीत ना, तेवढं पाहा. ओट्स पाकिटावर ‘ग्लुटेन-फ्री’ लिहिलेले असतील तरच, आणि तेही डॉक्टरांना विचारून.

चालतं काय? तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, वरई, साबुदाणा, राजगिरा, शिंगाडा, सगळ्या डाळी, दूध, अंडी, मांस-मासे, भाज्या, फळं. उपासाचं जवळजवळ सगळं ताट आपलं. हुरडाही खुशाल खा.

पाकिटबंद पदार्थावर ‘ग्लुटेन-फ्री’ लिहायचं तर एक किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुटेन असावं लागतं, हा भारतातला नियम आहे. पाकिटावर ‘गहू आहे’ ही ॲलर्जीची सूचनाही शोधा.

तिसरी पायरी: थांबा

पथ्य नीट सुरू झाल्यावर बऱ्याच जणांना काही आठवड्यांत फरक पडतो. आतडं मात्र सावकाश भरतं. मुलांचं लवकर, मोठ्यांचं एक-दोन वर्षांपर्यंतही चालतं. साधारण सहा महिन्यांनी टीटीजी पुन्हा करतात. आकडा उतरत असेल तर पथ्य मार्गावर आहे. उतरत नसेल तर पुन्हा दुसऱ्या पायरीवर जा आणि हिंगाची डबी वाचा.

याच काळात एक गोष्ट अनेकांना चकवते. दुधातली साखर पचवणारं विकर आतड्याच्या त्या लवीच्या टोकाशीच तयार होतं. लव झिजली की दूध प्यायल्यावर पोट फुगतं, गुडगुडतं, जुलाब होतात. गहू सोडूनही त्रास थांबत नाही म्हणून माणूस घाबरतो आणि प्रोबायोटिककडे धावतो. अशा वेळी डॉक्टरांना विचारून काही आठवडे साधं दूध कमी करून बघा. दही बहुतेकांना चालतं, कारण विरजणातल्या जंतूंनी त्यातली काही साखर आधीच खाल्लेली असते. आतडं भरलं की दूधही पुन्हा पचू लागतं.

एवढं करूनही त्रास राहिला, तर डॉक्टर दुसरी कारणं शोधतात. सोबत आयबीएस (आतड्यात झीज नसतानाही पोट सतत बिघडणं) असू शकतं, लहान आतड्यात जंतूंची वाढ झालेली असू शकते, स्वादुपिंड कमी काम करत असेल. वजन उतरत असेल, शौचात रक्त जात असेल, रात्री झोपेतून उठून जुलाबाला जावं लागत असेल, ताप हटत नसेल, तर मेडिकल दुकानात नाही, थेट दवाखान्यात जायचं.

चौथी पायरी: प्रोबायोटिककडून काय मागायचं

योग्य प्रमाणात घेतले असता शरीराला फायदा करणारे जिवंत सूक्ष्मजीव म्हणजे प्रोबायोटिक, अशी व्याख्या २००१ साली जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी केली. सीलिएकच्या रुग्णांच्या आतड्यात बायफिडोबॅक्टेरियम जातीचे जंतू कमी असल्याचं अनेक अभ्यासांत दिसलं, त्यावरून ते बाहेरून देऊन पाहायची कल्पना निघाली.

निकाल संमिश्र आहेत. अर्जेंटिनात २०१३ साली गहू अजून न सोडलेल्या २२ रुग्णांवर तीन आठवड्यांचा प्रयोग झाला. बायफिडोबॅक्टेरियम घेणाऱ्यांची अपचनासारखी लक्षणं कमी झाली, पण आतड्याची गळती, म्हणजे अस्तरातून नको ते आत झिरपणं, काही कमी झाली नाही. इटलीत २०१९ साली १०९ जणांवर सहा आठवडे प्रयोग झाला. हे लोक पथ्य काटेकोर पाळत होते आणि तरी त्यांना आयबीएससारखा त्रास होता. पाच जंतूंचं मिश्रण घेणाऱ्यांना खोटी, औषध नसलेली पुडी घेणाऱ्यांपेक्षा जास्त आराम पडला. ऑस्ट्रेलियात २०१६ साली मात्र असाच त्रास असलेल्या रुग्णांना १२ आठवडे दुसरं मिश्रण दिलं, तेव्हा शौचातल्या जंतूंच्या प्रमाणात लक्षणीय फरक दिसला नाही.

यातून मी काढलेला अर्थ असा: पथ्य पक्कं असताना उरलेली पोटफुगी, मुरडा, अनियमित शौच यांसाठी प्रोबायोटिक करून बघण्यासारखं आहे. त्याने सीलिएक बरा होत नाही. गोळी घेतली म्हणून पंगतीत एक पुरणपोळी खाता येत नाही, अर्धीही नाही. असं सांगून कुणी काही विकत असेल तर त्याच्याकडून काहीच विकत घेऊ नका.

पाचवी पायरी: पाकीट हातात घेऊन वाचा

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २०१५ साली अमेरिकेतली सर्वाधिक खपाची २२ प्रोबायोटिक तपासली. त्यातल्या १२ मध्ये ग्लुटेन सापडलं, आणि चारांमध्ये ते २० पीपीएमच्या (म्हणजे किलोत २० मिलिग्रॅमच्या) मर्यादेपेक्षाही जास्त होतं. सीलिएकसाठी घ्यायच्या गोळीतच ग्लुटेन! म्हणून पाकिटावर ‘ग्लुटेन-फ्री’ लिहिलंय का ते आधी पाहा. घटकांत गव्हाचं स्टार्च, जव किंवा माल्ट असेल तर परत करा. नुसतंच ‘स्टार्च’ लिहिलं असेल तर ते मक्याचं की गव्हाचं, हे कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर विचारा. औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलवर खाद्यपदार्थांसारखी ॲलर्जीची सूचना असेलच असं नाही.

दुसरं म्हणजे जंतूचं नाव पूर्ण हवं. ‘लॅक्टोबॅसिलस’ एवढ्याने काही कळत नाही. ‘लॅक्टोबॅसिलस रॅम्नोसस जीजी’ यातलं शेवटचं ‘जीजी’ महत्त्वाचं, कारण एका उपप्रकाराचा फायदा दुसऱ्याला लागू होत नाही. २०२० साली या कुळाची फेरमांडणी होऊन बरीच नावं बदलली, त्यामुळे हाच जंतू ‘लॅक्टिकेसीबॅसिलस रॅम्नोसस’ म्हणूनही छापलेला दिसेल. गोंधळू नका.

मग आकडा. तो सीएफयूमध्ये, म्हणजे जिवंत जंतूंच्या संख्येत असतो. एक बिलियन म्हणजे १०० कोटी. मोठा आकडा म्हणजे चांगलं औषध असं नाही. तो आकडा बनवण्याच्या दिवशीचा आहे की मुदत संपेपर्यंतचा, हे बघा. मुदत जवळ आलेलं पाकीट सवलतीत मिळालं तरी नको.

साठवण आपल्या हवेत फार महत्त्वाची. ‘२ ते ८ अंशांत ठेवा’ असं लिहिलेलं पाकीट सांगलीच्या एप्रिलमध्ये डिकीत ठेवून चार कामं उरकत घरी आणलं, तर आतले बरेच जंतू वाटेतच मेलेले असतील. दुकानदाराने ते फ्रिजमधून काढून दिलं का, हे डोळ्यांनी पाहा. बॅसिलस क्लॉसीसारखे बीजाणूच्या रूपातले जंतू उष्णतेला जास्त टिकतात. जुलाबाला डॉक्टर ज्या छोट्या कुप्या देतात त्यांत बहुधा तेच असतात. पण ते वेगळे जंतू आहेत, वरच्या अभ्यासांतले नव्हेत.

लहान मूल, गरोदर बाई, स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारा माणूस, नुकताच दवाखान्यातून सुटलेला आजारी माणूस यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये. जिवंत जंतू आहेत, अगदी दुबळ्या शरीरात क्वचित ते रक्तातही जाऊ शकतात.

सहावी पायरी: प्रयोग करायचा तर नीट करा

एका वेळी एकच प्रोबायोटिक, आणि त्या काळात दुसरा कोणताही बदल नाही. सुरू करायच्या आधी आठवडाभर स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज दोन गोष्टी लिहा: पोटफुगीला दहापैकी किती गुण, आणि शौचाला किती वेळा. दुधाचा हिशोब लिहितो त्याच चौकटीत मावतं. बाहेर जेवलात त्या दिवशी खूण करा. मग सहा ते आठ आठवडे गोळी घ्या आणि लिहीत राहा. पहिले काही दिवस वायू वाढू शकतो. त्रास जास्त झाला तर बंद करा.

आठ आठवड्यांनी आधीचे गुण आणि आताचे गुण शेजारी ठेवा. फरक नसेल तर संपलं, पुढचं पाकीट आणू नका. फरक असेल तर थांबवून बघा, त्रास परत येतो का. परत आला नाही तर रोजचा खर्च कशाला? अँटिबायोटिक चालू असेल तर त्या काळातली नोंद धरू नका, पोट तेव्हा वेगळ्याच कारणाने बिघडलेलं असतं.

घरचं ताक, आंबील, कण्या

दह्याला प्रोबायोटिक म्हणायचं का? त्यात जिवंत जंतू असतात, पण कोणते आणि किती, हे घराघरात आणि विरजणागणिक बदलतं. म्हणून औषध म्हणून त्याचा हिशोब मांडता येत नाही. अन्न म्हणून मात्र ते उत्तम आहे आणि सीलिएकला चालतं. ताकाला फोडणी दिलीत तर हिंग आठवा.

आंबील करताना एक युक्ती आहे. नाचणीचं किंवा ज्वारीचं पीठ रात्रभर भिजवून आंबवलं, तरी सकाळी शिजवलं की आतले जंतू मरतात. आंबील गार होऊ द्या, हाताला गरम लागेनाशी झाली की मगच ताक, मीठ, ठेचलेला लसूण आणि जिरं घाला. ज्वारीच्या कण्यांचंही तसंच: कण्या शिजवा, गार करा, ताक वरून. इडली-डोशाचं पीठ आंबलेलं असलं तरी वाफेत आणि तव्यावर जंतू टिकत नाहीत. ते पचायला चांगले, पण त्यांना प्रोबायोटिक समजू नका. आणि हॉटेलात इडली मागवताना ती रव्याची नाही ना, ते विचारा.

लोणच्यावर जंतूंसाठी विसंबू नका. आपलं लोणचं मीठ, तेल आणि मसाल्यात टिकतं, आणि बाजारच्या लोणच्यात बहुधा हिंग असतो.

पुढच्या तपासणीला जाताना चार गोष्टी पिशवीत टाका: जुने टीटीजीचे रिपोर्ट, प्रोबायोटिकचं रिकामं पाकीट, कॅलेंडरची ती पानं, आणि घरातल्या हिंगाच्या डबीचा फोटो. डॉक्टरांकडे वेळ कमी असतो, पण या चार गोष्टी समोर आल्या की बोलणं थेट मुद्द्यावर येतं.